पगार नाही, पण रूट पासवर्ड आहे!

जगातली एक नामांकित तंत्रसंस्था कित्येक वर्षं आपल्या वेबसाइटला आपलंच सरळ नाव देऊ शकत नव्हती, कारण ते नाव पोरांनी आधीच पटकावलं होतं! गोष्ट अमेरिकेतल्या एमआयटीची, १९९३ सालची. वेब नावाचं प्रकरण नुकतंच बाळसं धरत होतं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने सर्व्हर उभा केला आणि त्याला पत्ता दिला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट एमआयटी डॉट ईडीयू’. संस्थेला जाग येईपर्यंत या पत्त्यावर विद्यार्थ्यांचा संसार थाटलेला होता. मग अधिकृत वेबसाइटने निमूटपणे ‘वेब डॉट एमआयटी डॉट ईडीयू’ हा पत्ता घेतला. पोरांकडून नाव हिसकावून घेतलं नाही, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं. पुढे ते नाव संस्थेकडे गेलं, पण तोवर बराच काळ लोटला होता.

हा गट म्हणजे ‘स्टुडंट इन्फर्मेशन प्रोसेसिंग बोर्ड’, तिथल्या मुलांच्या तोंडी ‘सिपबी’. स्थापना १९६९ची. तेव्हा संगणकाचा वेळ पैसे मोजून घ्यावा लागे. संशोधन प्रकल्पांना त्यासाठी निधी असे. पदवीच्या वर्गातल्या मुलाला सहज काही करून बघायचं असेल तर त्याने काय करावं? सिपबीचं पहिलं काम हेच होतं. संस्थेकडून मिळालेला संगणकाचा वेळ विद्यार्थ्यांमध्ये वाटायचा. कुणाला किती द्यायचा, हे ठरवणारेही विद्यार्थीच.

याच गटातल्या मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याला १९९३ मध्ये प्रश्न पडला, की वेब आहे तरी केवढं? त्याने एक प्रोग्राम लिहिला, जो एका पानावरच्या दुव्यांवरून दुसऱ्या पानावर भटकत राही. नाव ठेवलं ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’. जून १९९३ मध्ये हाती लागल्या फक्त १३० वेबसाइट्स. एका वहीच्या दोन-चार पानांवर मावेल एवढं सगळं वेब! दोन वर्षांत हाच आकडा २३,५००च्या आसपास गेला. वेबवर भटकत फिरणारे हे असले प्रोग्राम आज प्रत्येक सर्च इंजिनाच्या पोटात असतात, आणि वाँडरर हा त्यांच्यातल्या अगदी पहिल्यांपैकी एक.

हल्ला झाला, कंपनी निघाली

२००६ मध्ये सिपबीच्या सर्व्हरवर एक फार मोलाचा अपघात घडला. जेफ अरनॉल्ड हा विद्यार्थी एक सर्व्हर सांभाळत होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली एक सुरक्षेची फट बुजवणारी दुरुस्ती आली, पण आठवड्याच्या मधोमध. ती लावायची तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला हवा. म्हणजे त्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचा खोळंबा. त्याने विचार केला, शनिवार-रविवारी करू. तेवढ्यात कुणीतरी त्याच फटीतून आत घुसलं.

त्यावर त्याने जे केलं ते झकास आहे. सर्व्हर बंदच करायला लागू नये, चालू असतानाच त्याच्या गाभ्यातला सदोष कोड बदलता यावा, अशी पद्धत त्याने शोधली. तिच्यावर प्रबंध लिहिला, मित्रांना घेऊन ‘केस्प्लाइस’ नावाची कंपनी काढली आणि २०११ मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली.

कुठल्याही कंपनीत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला चालू सर्व्हरच्या जवळ फिरकू देत नाहीत, आणि त्यात चूक काही नाही. सिपबीसारख्या विद्यार्थ्यांच्या गटांत मात्र त्याच वयाच्या मुलाच्या हाती थेट रूट पासवर्ड येतो. रूट म्हणजे सर्वाधिकार: सगळं उभं करायचा आणि सगळं पुसून टाकायचाही. आपल्याकडे गणपती मंडळाचा कार्यकर्ता मांडवापासून विसर्जनापर्यंत सगळं अंगावर घेतो आणि त्यातूनच तयार होतो, तसं हे आहे. लोक आपल्यावर अवलंबून आहेत, हे कळलं की मुलं फार लवकर मोठी होतात. प्रयोगशाळेतल्या दहा मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये ते येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने एक तरी खराखुरा सर्व्हर मुलांच्या ताब्यात द्यावा, मोडला तर मोडू द्यावा.

त्सुनामीवर लॉगिन करा

आता कॅलिफोर्नियात, बर्कलीला. तिथल्या विद्यापीठात १९८९ पासून ‘ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी’ आहे, थोडक्यात ओसीएफ. संगणक कक्ष, ठरावीक पानांपर्यंत फुकट प्रिंट, वेबसाइटला जागा, ईमेल, सगळं स्वयंसेवक विद्यार्थी चालवतात. आधीचा अनुभव लागत नाही. या आणि कामाला लागा.

त्यांच्या यंत्रांची नावं मात्र थरकाप उडवणारी! सर्व्हर आणि संगणकांना आपत्तींची नावं द्यायची, अशी तिथली प्रथा. लॉगिन करायचं ‘त्सुनामी’वर, वेबसाइट्स ‘डेथ’वर, मेल ‘अँथ्रॅक्स’वर. ‘फायरस्टॉर्म’, ‘सुपरनोव्हा’, ‘पँडेमिक’ही आहेत. प्रिंटरांची नावं त्या मानाने सौम्य: ‘पेपरकट’, ‘लॉगजॅम’, ‘पेजफॉल्ट’. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रिंटर अडकला, की त्यावरचं नाव किती नेमकं आहे ते कळतं.

ओसीएफच्या आधी, १९८६ मध्ये, बर्कलीतच आणखी एक गट निघाला होता, ‘एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ उर्फ एक्ससीएफ. मूठभर मुलांचा, पण त्यातून काय काय निघालं बघा. १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रामने इंटरनेटवर थैमान घातलं, तेव्हा त्याला रोखण्याच्या धावपळीत ही मुलं होती. १९९५ च्या सुमाराला स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी फोटो आणि चित्रांवर काम करायचं एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेच ‘गिंप’, आजही फुकट मिळणारं, मराठीतही मेनू असलेलं. सुरुवातीच्या गिंपची बटणं आणि मेनू ‘मोटिफ’ नावाच्या विकतच्या सामग्रीवर बेतलेले होते. ते खटकलं म्हणून मॅटिसने बटणं-मेनूंचा स्वतःचा संच लिहिला, जीटीके. पुढे त्याच संचावर ‘ग्नोम’ हा लिनक्सचा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन, टक्स? तोही लॅरी ईविंगने १९९६ मध्ये गिंपमध्येच काढला.

एक्ससीएफचा खरा नाट्यमय किस्सा मात्र कोर्टातला. पे-युआन वे या विद्यार्थ्याने १९९२ मध्ये ‘व्हायोला’ नावाचा वेब ब्राउझर आणला. चित्रांसह वेब दाखवणारा ‘मोझेइक’ गाजण्याआधी ज्यांना वेब बघायचं असे, ते व्हायोला वापरत. वे याचा ब्राउझर एका बाबतीत काळाच्या फार पुढे होता. त्याच्या पानात छोटे प्रोग्राम चालत आणि बघणारा त्यांच्याशी खेळू शकत असे. मे १९९३ मध्ये त्याने सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांना ते करूनही दाखवलं.

पुढच्या वर्षी नेमक्या याच कल्पनेसाठी, म्हणजे वेब पानात चालणाऱ्या परस्परसंवादी प्रोग्रामसाठी, पेटंटचा अर्ज झाला. पेटंट मिळालं आणि ‘इओलास’ ही कंपनी ते हातात घेऊन वसुलीला निघाली. २००३ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी १० लाख डॉलर भरायला सांगितले. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं आणि तडजोडीने मिटलं. मग इओलासने गूगल, अ‍ॅमेझॉन, याहू अशा बड्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या कोर्टात साक्ष द्यायला दोन माणसं आली: वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि पे-युआन वे. ज्यूरीने ऐकलं आणि पेटंट अवैध ठरवलं. आणि या पेटंटची मालकी होती कुणाची? खुद्द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची! म्हणजे विद्यापीठाचं पेटंट त्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या कामामुळे पडलं. निकाल उलटा लागला असता, तर पानात काहीही हलतंडुलतं ठेवणाऱ्या प्रत्येक वेबसाइटवर वसुलीची टांगती तलवार राहिली असती. त्या मुलाचे आपण सगळेच देणेकरी आहोत.

थंड देशातली ऊबदार मंडळी

स्वीडनमध्ये असे गट पैशाला पासरी. लिंशोपिंग विद्यापीठातल्या ‘लिसातोर’ गटाची सुरुवात १९७३ ची, एका जुन्या डाटासाब डी-२१ संगणकाभोवती. याच गटाच्या आश्रयाने १९९२ च्या डिसेंबरात ‘प्रोजेक्ट रुनेबर्ग’ सुरू झाला. उत्तर युरोपातली जुनी पुस्तकं, कोश, नियतकालिकं स्कॅन करून लोकांना फुकट वाचायला देणारा. जुनी मराठी मासिकं शोधत ग्रंथालयांचे जिने चढलेल्या कुणालाही याचं मोल सांगायला नको.

आणखी उत्तरेला, उमिओ विद्यापीठात, ‘अकॅडेमिक कम्प्युटर क्लब’ आहे. तुम्ही कधी डेबियन लिनक्सची इन्स्टॉलेशनची फाइल उतरवली असेल, तर ती बहुधा या क्लबच्या सर्व्हरवरून तुमच्याकडे आली. पुण्यातल्या हॉस्टेलमधून केलेलं डाउनलोड आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली, स्वयंसेवकांनी राखलेल्या यंत्रांवरून येतं.

अमेरिकेत रॉचेस्टरला, आरआयटी या तंत्रसंस्थेत, ‘कम्प्युटर सायन्स हाउस’ हा १९७६ चा गट. हॉस्टेलच्या एका मजल्यावर सगळे एकत्र राहतात. त्यांचं शीतपेयांचं मशीन नेटवर्कला जोडलेलं आहे. खोलीतून संगणकावर ऑर्डर द्यायची, खात्यातून पैसे वळते, खाली बाटली पडते. त्यात किती सेकंदांनी बाटली पडावी हे सांगायचीही सोय केलेली. तोवर चालत मशीनपाशी पोचता येतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या कम्प्युटर सायन्स क्लबकडे (१९६७) आणखी वेगळा ठेवा आहे. १९८९ मध्ये बिल गेट्स तिथे बोलून गेले, त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण क्लबने जपलं आणि आता ते कुणालाही ऐकता येतं.

आपल्याकडे? पवईच्या आयआयटीत ‘इन्स्टीअ‍ॅप’ विद्यार्थ्यांनीच बनवलं. आज मेसमध्ये काय आहे इथपासून कुठे कुठला कार्यक्रम आहे इथपर्यंत सगळं त्यात. कोडही खुला. पुण्याच्या सीओईपीत ‘कॉफसग’ हा मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे.

वॉरहॉलच्या फ्लॉप्या

पिट्सबर्गमधल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कम्प्युटर क्लबला जुन्या यंत्रांचा भारी नाद. या नादाने त्यांना थेट कलेच्या इतिहासात नेऊन बसवलं. जुलै १९८५ मध्ये कमोडोर कंपनीने न्यूयॉर्कला ‘अमिगा’ संगणक आणला, तेव्हा व्यासपीठावर अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध चित्रकाराने गायिका डेबी हॅरीचं चित्र त्यावर काढून दाखवलं होतं. कोरी आर्केंजेल या कलाकाराने त्याची फीत २०११ मध्ये पाहिली आणि त्याच्या डोक्यात आलं, की वॉरहॉलने आणखी चित्रं काढली असतील तर ती कुठे आहेत?

ती होती पिट्सबर्गच्याच वॉरहॉल संग्रहालयात, कपाटातल्या फ्लॉप्यांवर. जुनी फ्लॉपी वाचताना तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडला जाण्याची भीती, त्यामुळे कुणी हात लावत नव्हतं. क्लबच्या मुलांनी फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारं उपकरण वापरलं, म्हणजे मूळ तबकडी पुन्हा पुन्हा फिरवायची गरज नको. पुढची पंचाईत अशी, की चित्रं बाजारात येण्याआधीच्या एका चित्रप्रोग्रामच्या अनोळखी फॉरमॅटमध्ये होती. ‘कॅम्पबेल्स डॉट पिक’, ‘मॅरिलिन१ डॉट पिक’ अशी फायलींची नावं समोर दिसतायत आणि उघडत काही नाही! मुलांनी फॉरमॅट मुळापासून उकलला.

एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं, की वॉरहॉलच्या शैलीतली, आजवर कुणी न पाहिलेली २८ चित्रं सापडली आहेत. त्यातल्या ११ वर त्याची सही. सूपचा डबा, बोटिचेल्लीची व्हीनस. व्हीनसच्या कपाळावर तिसरा डोळा, तिच्याच डोळ्याची नक्कल उचलून चिकटवलेला. हे सगळं कसं केलं याचा सविस्तर तांत्रिक अहवालही क्लबने लिहिला आणि तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवला.