लेण्यांवरची सहल आणि मुले

जुन्नर-आंबेगाव भागातील आपली बरीच कुटुंबे सुटीत मुलांना घेऊन लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी पाहावयास जातात. वंदना होते, फोटो निघतात, डबे उघडले जातात आणि उतरताना रिकाम्या पिशव्या तेथेच राहतात. ही सहल थोड्या वेगळ्या रीतीने करता येईल, असे आम्हांस वाटते.

मुलांना प्रथम पाण्याची टाकी दाखवावी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी खोदलेल्या पन्हळीने टाक्यात उतरवीत. तोंड लहान आणि पोट रुंद असले की ऊन-वारा कमी लागतो व पाणी कमी आटते. नाणेघाटात वाटसरूंसाठीही अशीच टाकी आहेत. आज यांतील कित्येक टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगतात. (टाक्याच्या काठी लहान मुलांचा हात मात्र सोडू नये.)

घरी आल्यावर हाच हिशेब छपराला लावावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. उभ्या कडांचा सपाट बुडाचा डबा अंगणात ठेवून मुलांनी रोज पट्टीने पाऊस मोजावा. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर. उन्हाळ्यात आई किती हंडे वाहते, हे मुलांना ठाऊक असतेच. पुढचे गणित ती स्वतः करतात.

मानमोडीच्या एका लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने श्रेणीकडे दिलेल्या जमिनीचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांच्या मते २० निवर्तने करंजांसाठी व ९ निवर्तने वडांसाठी होती. परमुलखातून आलेल्या कुळातील माणसाने येथे झाडांची सोय करावी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखातही रस्त्याकडेला वड लावल्याचे नमूद आहे. करंज लावणे सोपे आहे. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या शेंगांतील ताजे बी दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून लावावे आणि पावसाळ्यात रोप जमिनीत न्यावे. वडाची मात्र जाड फांदी लावावी.

आंबेगावच्या मंडळींना भीमाशंकर जवळ. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. तेथे शेकरू पाहावयास मिळतो, तो आपला राज्यप्राणी. त्याला बिस्किटे टाकू नयेत, उंच झाडावरचे काटक्यांचे घरटे शोधावे.

लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, तेव्हा धूर व आरडाओरडा नको. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. जखमी, अडकलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी परतावे आणि मुलांना पुढे एकटे पाठवू नये.

कचऱ्याची पिशवी मोठ्यांनीच धरावी. मुले ती धरण्यासाठी चढाओढ करतात आणि पायऱ्यांवर घसरतात, हा आमचा अनुभव आहे.