चौकट : जांभ्याच्या सड्यावर पी.टी.चा तास

पहिली ते पाचवीला खेळाचे वेगळे सर मिळत नाहीत. वर्गशिक्षकच शिट्टी वाजवतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असेल तरच. त्याच कायद्यात 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडसारख्या गावांतल्या छोट्या वाडीशाळेत एकाच तासाला पहिलीचं पोर आणि चौथीतली दांडगी मुलगी एकत्र मैदानात. लहानांना लंगडी, मोठ्यांना खो-खो.

मैदान म्हणजे बहुधा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. पडलं की गुडघा फुटलाच, म्हणून कबड्डीपेक्षा लगोरी बरी; तिच्या चिपाही तिथेच सापडतात. मृगापासून गणपतीपर्यंत दगडावर शेवाळ. मग तास पडवीत : सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, सागरगोटे. (सागरगोट्यांना व्यायाम म्हणावं का, यावर गुरुजींत मतभेद असतात. हात-डोळ्यांचा मेळ बसतो, एवढं खरं.)

या विषयाची लेखी परीक्षा नाही. 2010 पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सगळं आकारिक, म्हणजे रोजच्या निरीक्षणावर श्रेणी. त्यामुळे गणित मागे पडलं की पहिला बळी याच तासाचा. वहीत मात्र श्रेणी भरलेली असते.