गारांच्या फोटोवरची वेळ

चांदबीबी महालाच्या डोंगराखाली, पाथर्डी रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी वादळी आभाळाचे फोटो काढू लागलो, तो 2014 चा मार्च. फेब्रुवारीच्या अखेरीपासून राज्यभर गारपीट झोडपत होती. तेव्हाचे माझे फोटो पांढरेशुभ्र आहेत: काळ्या ढगाखाली गारांनी भरलेलं वावर. आडवा झालेला गहू त्यांत आहे, पण अर्धा कापलेला. मला फक्त आभाळ दिसत होतं.

पहिली दोन वर्षं मी लिंबाखाली तिपाई लावून उभा राहायचो. तो वेडेपणा होता. वीज आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे वीज एक किलोमीटरवर, हे नंतर उमगलं. आता आवाज ऐकू आला की काचा लावून गाडीत बसतो आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडतो.

2016 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आली. गारपिटीचं नुकसान आधी 48 आणि पुढे 72 तासांच्या आत कळवावं लागू लागलं. पुढे एका एप्रिलात करंजी घाटाजवळ फोटो दाखवत होतो, तर एका शेतकऱ्यानं विचारलं, “दादा, यावर तारीख-वेळ येती का?” फोटो कसा आलाय, हे त्यांनी पाहिलंच नाही. त्या दिवसापासून माझ्या चौकटीत जमीन आली.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि सह्याद्री ओलांडून अकोले-संगमनेरपर्यंत आलं. वळवाच्या ढगाला दुपारच्या उन्हानं घडवलेला आकार असतो. या वादळात करड्या पडद्याआड वाकलेली झाडं तेवढी होती.

2025 मध्ये तर वळवाचे दिवसच हरवले. 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. मग त्याची सीमारेषा मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद अशी जूनच्या मध्यापर्यंत अडून राहिली. त्या मे महिन्यातले माझे बहुतेक फोटो चाळीत जायच्या आधीच भिजलेल्या कांद्याचे आहेत.

आता प्रत्येक फोटोमागे गाव, पीक, तारीख, वेळ लिहितो. ज्याचं वावर, त्याला त्याच संध्याकाळी पाठवतो. 2014 च्या त्या पांढऱ्याशुभ्र फोटोंमागे काहीच लिहिलेलं नाही. तो गहू कोणाचा होता, हे मी विचारलंच नव्हतं.