पडद्यावरचा पाठ : चित्रण आणि संपादनाविषयी थोडेसे

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात यंत्रे थोडी आणि मुले पुष्कळ, हे चित्र माजी विद्यार्थ्यांना नवे नाही. एका यंत्राभोवती सहा-सात जण उभे राहत. पुढच्याला दिसे, मागचा केवळ ऐके. म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या साहाय्याने पडद्यावरील कृतींचे ध्वनिचित्रित पाठ तयार करावयास घेतले. मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज हे आरंभीचे विषय. यांतील अर्जाचा पाठ सर्वांत निकडीचा होता. तेथे एक रकाना चुकला, तर वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलाचे पुढील शिक्षणाचे पैसे अडकतात, आणि घरी विचारावे असे कोणी नसते.

पडद्याचे चित्रण एकाच रीतीने होते, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात रीती दोन. पहिली सलग चलत्चित्राची : ओबीएस स्टुडिओसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर पडद्यावर घडणारे सर्व काही अखंड टिपते. दुसरी टप्प्याटप्प्याची : अडोबी कॅप्टिव्हेटसारखे विकतचे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकला पडद्याचे एक स्थिर चित्र घेते आणि माउसची वाटचाल मागाहून स्वतः रेखाटते. या दुसऱ्या रीतीत चुकीची क्लिक झाली, तर तेवढे चित्र काढून टाकता येते. संकेतस्थळाचे एक पान बदलले, तर तेवढेच नव्याने घेता येते. मात्र एखादी वस्तू ओढून दुसरीकडे नेणे किंवा पान वरखाली सरकवणे अशा कृती स्थिर चित्रांत नीट उमटत नाहीत. तेवढ्यापुरते सलग चित्रण लागतेच.

टप्प्याटप्प्याच्या चित्रणाचे आणखी तीन प्रकार होतात. प्रात्यक्षिकात विद्यार्थी केवळ पाहतो. सरावात त्याने योग्य जागी क्लिक केल्याखेरीज पाठ पुढे सरकत नाही, आणि अडल्यास सूचना मिळते. परीक्षेत सूचना नसते, गुण असतात. आमच्या मते टंकलेखनासारख्या विषयाला प्रात्यक्षिक पुरते, कारण विद्यार्थी लगेच खऱ्या सॉफ्टवेअरवर हात चालवू शकतो आणि चुकले तर पुसू शकतो. अर्जाचे तसे नाही. खऱ्या संकेतस्थळावर सरावासाठी अर्ज भरता येत नाही. तेथे सराव प्रकारच हवा, म्हणजे चुकण्याचे काम खोट्या अर्जावर उरकून घेता येते. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि स्वतः पाहा, हे आपण वंदनेत रोज म्हणतो. अर्जाच्या बाबतीत पाहणे पुरेसे नाही, करून पाहणे अगत्याचे आहे.

विकतचे सॉफ्टवेअर ज्यांना परवडत नाही, त्यांनी मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ पाहावेत. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. पाहा, थांबवा, करा, पुढे जा, अशी त्यांची रीत आहे. त्यांची संहिता दोन रकान्यांत असते : एकात पडद्यावर काय दिसावे, दुसऱ्यात काय बोलावे. आधी संहिता आणि मग चित्रण, हा क्रम आम्ही तेथूनच घेतला. त्यापूर्वी आम्ही बोलत बोलत सुचेल तसे टिपत असू, आणि निम्मा पाठ ‘थांबा, हे नव्हे’ यातच जाई.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, ती येथे सांगितलीच पाहिजे. अर्जाच्या पहिल्या पाठात आम्ही ओबीएसमध्ये संपूर्ण पडदा टिपण्याचा पर्याय निवडला होता. अर्ज एका विद्यार्थ्याचा, खराखुरा होता. पाठ पन्नासेक पालकांना पाठवल्यावर एका मातेने फोन करून सांगितले की, तिच्या मुलाचा आधार क्रमांक आणि घरचे उत्पन्न सर्वांना दिसत आहे. आम्ही पाठ परत घेतला. पण एकदा पाठवलेले पूर्णपणे परत येत नसते. त्यानंतर आम्ही फक्त एकच खिडकी टिपतो, बाहेरचे संदेश बंद ठेवतो आणि अर्जात काल्पनिक माहिती भरतो. जेथे खरी माहिती टाळता येतच नाही, तेथे अंक केवळ धूसर करून भागवत नाही, कारण धूसर अंकही कधी कधी ओळखू येतात. त्यावर भरीव चौकोन ठेवतो आणि मूळ चित्रणाची फाइल नष्ट करतो.

संपादनात सर्वाधिक वेळ आवाज खातो. पंख्याची घरघर काढण्यासाठी ऑडॅसिटीला आधी नुसत्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो. म्हणून बोलण्यापूर्वी पाच सेकंद गप्प बसावे. ओबीएसमध्ये माइकचा आवाज स्वतंत्र पट्टीवर घ्यावा, म्हणजे संगणकाचा आवाज मागाहून वेगळा काढता येतो. चित्रणाची फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवावी. मध्येच वीज गेली, तर तोवरचे चित्रण तीत वाचते; साध्या एमपी४ फाइलचा भरवसा नसतो. गावी भारनियमन सोसलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कात्री चालवताना हात आखडता घ्यावा. पान उघडण्यास लागणारा वेळ आम्ही आरंभी पूर्णपणे कापत असू. परिणामी मुलांना वाटे, आपले यंत्र बिघडले, आणि ती पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत. आता त्यातील दोन सेकंद राखतो आणि ‘येथे थोडे थांबावे लागते’ असे सांगतो. बोलणे लांबले आणि कृती संपली, तर शेवटचे दृश्य तसेच गोठवून ठेवतो. बहुतेक पालक पाठ मोबाइलवर पाहतात. म्हणून १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० या मापात, अक्षरे मोठी करून चित्रण करतो.

अर्जाचा सुधारलेला पाठ आता संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रावर आहे. संकेतस्थळाची काही पाने मध्यंतरी बदलली, तेव्हा तेवढेच टप्पे नव्याने घेतले. त्या मातेने नवा पाठ आधी स्वतः पाहिला आणि मगच आम्ही तो इतरांना पाठवला.