स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (भारतीय आवृत्ती)

'''स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस''' ही चेक प्रजासत्ताकातील स्कोडा ऑटो या कंपनीची टर्बोचार्जरयुक्त पेट्रोल मोटारगाडी आहे. तिच्या पहिल्या पिढीची भारतीय आवृत्ती २००४ मध्ये विक्रीस आली. भारतातील ऑक्टाव्हिया गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जवळील शेंद्रा येथील कारखान्यात होत असे. आज ही गाडी भारतीय मोटारशौकिनांमध्ये संग्राह्य मानली जाते.

== पार्श्वभूमी ==
प्रवासी मोटारींमध्ये टर्बोचार्जरचा वापर १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांपासून सुरू झाला. जेटफायरच्या इंजिनास पाणी व मिथेनॉलचे मिश्रण वेळोवेळी पुरवावे लागे. अनेक मालकांनी ते टाळल्याने ही योजना अल्पजीवी ठरली. १९८७ ची ब्युइक जीएनएक्स मात्र केवळ ५४७ गाड्यांच्या निर्मितीमुळे व वेगामुळे अत्यंत मौल्यवान ठरली. भारतात टर्बोचार्जर दीर्घकाळ मुख्यतः डिझेल इंजिनांपुरता मर्यादित होता.

== तांत्रिक रचना ==
टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात ढकलते. अधिक हवेमुळे अधिक इंधन जळते आणि लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १,७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले चार सिलिंडरी इंजिन होते. भारतीय आवृत्तीची शक्ती १५० अश्वशक्ती, तर युरोपीय आवृत्तीची १८० होती.

== बलस्थाने ==
* २१० न्यूटन-मीटर टॉर्क सुमारे १,७५० फेऱ्यांपासूनच उपलब्ध होत असल्याने महामार्गावर वाहन ओलांडणे सुलभ होते.
* मजबूत बांधणी आणि सामानासाठी प्रशस्त जागा यांमुळे ती कुटुंबाची गाडी म्हणूनही उपयोगी पडते.

== उणिवा ==
* टर्बोचार्जरला स्वच्छ तेलाची नितांत गरज असते. तेल बदलण्यास विलंब झाल्यास त्याचा गाळ साचतो. वेगात चालवल्यानंतर इंजिन तत्काळ बंद केल्यास तप्त टर्बोतील तेल करपते.
* इग्निशन कॉइल, टर्बोचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि रबरी हवानळ्या कालांतराने निकामी होतात.
* टायमिंग बेल्ट वेळेवर न बदलल्याने तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाची मोठी हानी होते.
* सुटे भाग महाग असून जुन्या गाडीसाठी ते मिळवणे कठीण जाते.

== संग्राह्यता आणि कायदा ==
२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांनाच 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. त्यामुळे २००४ ची गाडी संग्राहकाला मौल्यवान वाटली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती केवळ एक जुनी गाडी ठरते. पंधरा वर्षांनंतर तिला तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तसेच महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. परिणामी, अधिक शक्तीसाठी बदल केलेल्या गाडीपेक्षा मूळ स्थितीतील व देखभालीच्या संपूर्ण नोंदी असलेली गाडी जतनासाठी अधिक योग्य समजली जाते.