नौदल अधिकारी आणि सरकारी गोदी : व्हाइस ॲडमिरल सॅमसन यांचे उदाहरण

युद्धनौका वापरणारा आणि ती बांधणारा यांच्या गरजा मुळात भिन्न असतात. वापरणाऱ्याला नौका वेळेवर व अद्ययावत हवी असते. बांधणाऱ्याला खर्च, मनुष्यबळ, कच्चा माल आणि कंपनीचा ताळेबंद यांचा मेळ घालावा लागतो. स्वतंत्र भारतात संरक्षण उत्पादन करणाऱ्या अनेक सरकारी उपक्रमांची धुरा सेनाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आली, तेव्हा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. या पद्धतीचे लाभ आणि मर्यादा समजून घेण्यासाठी मुंबईच्या माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन यांची कारकीर्द उद्बोधक ठरते.

धोरणात्मक पार्श्वभूमी

१९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रास्त्रनिर्मिती व जहाजबांधणी हे दोन्ही उद्योग ‘अ’ अनुसूचीत ठेवले. या अनुसूचीतील उद्योगांच्या भावी विकासाची जबाबदारी केवळ राज्यसंस्थेची होती. १९६० मध्ये केंद्र सरकारने माझगाव डॉक आपल्या ताब्यात घेतली. या गोदीचा इतिहास १७७४ मध्ये माझगावात बांधलेल्या एका छोट्या सुक्या गोदीपर्यंत मागे जातो. खासगी कंपनी म्हणून तिची नोंदणी १९३४ मध्ये झाली होती. चीनशी झालेल्या युद्धानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण मंत्रालयात स्वतंत्र संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला. गोदी सरकारची होती, मागणी नौदलाची होती; मात्र मोठी आधुनिक युद्धनौका बांधण्याचा अनुभव देशात कोणाकडेच नव्हता.

ताफ्याकडून गोदीकडे

सॅमसन हे मूळच्या कोकणातील, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद त्यांनी भूषविले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात भारतीय नौदलाच्या ताफ्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्या वेळी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर मारा केला. नौदलाचे सामर्थ्य केवळ समुद्रावर ठरत नाही, तर नौकांची बांधणी व दुरुस्ती करणाऱ्या गोदीतही ठरते, हा या अनुभवाचा अर्थ होता. युद्धानंतर सॅमसन माझगाव डॉकच्या प्रमुखपदी आले. त्यांच्यापूर्वी, पुढे नौदलप्रमुख झालेले एस. एम. नंदा यांनीही हे पद सांभाळले होते.

लिअँडर प्रकल्प

ब्रिटिश सहकार्याने लिअँडर वर्गातील फ्रिगेट भारतात बांधण्याचा निर्णय हा या काळातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. तयार नौका परदेशातून विकत घेणे सोपे होते. तथापि त्यातून कौशल्य देशात येत नव्हते. दुसरीकडे, व्यापारी जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या गोदीला नवी यंत्रशाळा, प्रशिक्षित वेल्डर, आरेखक आणि काटेकोर गुणवत्ता-तपासणी अशी सर्व व्यवस्था उभारावी लागणार होती.

‘नीलगिरी’ या पहिल्या फ्रिगेटचे जलावतरण २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्यापाठोपाठ ‘हिमगिरी’, ‘उदयगिरी’, ‘दुनागिरी’, ‘तारागिरी’ व ‘विंध्यगिरी’ या पाच नौका १९८१ पर्यंत बांधून झाल्या. प्रत्येक नौकेगणिक स्वदेशी घटकांचे प्रमाण वाढत गेले. यात अन्य सरकारी उपक्रमांचाही वाटा होता. १९५४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रडारसारखी उपकरणे पुरविली. याच कंपनीचे कारखाने पुढे पुणे, पंचकुला आदी ठिकाणी उभे राहिले.

लाभ आणि मर्यादा

सेनाधिकारी प्रमुखपदी असण्याचा पहिला लाभ म्हणजे त्याला वापरणाऱ्याची निकड ठाऊक असते. दुसरा लाभ असा की, नौदल मुख्यालय व कारखाना यांच्यातील तांत्रिक प्रश्न लवकर सुटू शकतात. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. सैन्यातील आज्ञापालनाची शिस्त कामगार संघटनांशी वाटाघाटी करताना किंवा खर्चाचा हिशेब मांडताना पुरेशी पडत नाही. शिवाय उत्पादक आणि ग्राहक एकाच सेवेतील असल्यास विलंब व वाढीव खर्च यांबाबत कठोर प्रश्न विचारले न जाण्याचा धोका राहतो. म्हणूनच गुणवत्तेची स्वतंत्र तपासणी, महालेखापरीक्षकांचे लेखापरीक्षण आणि संसदीय समित्यांची देखरेख यांना महत्त्व आहे. सार्वजनिक उपक्रमांतील उच्चपदांच्या निवडीसाठी १९७४ मध्ये सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ स्थापन झाले, तेही याच व्यापक गरजेतून.

बदललेले चित्र

२००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्रासाठी खुले झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. माझगाव डॉकला २०२४ मध्ये ‘नवरत्न’ दर्जा मिळाला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी तेथेच बांधलेली नवी ‘नीलगिरी’ नौदलात दाखल झाली. आता कंपनीला बाजारातील स्पर्धा, भागधारक आणि निर्यात यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे प्रमुखपदी गणवेशातून आलेली व्यक्ती असावी की उद्योगातून, यापेक्षा तिला दोन्ही बाजूंची भाषा कळते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या ‘नीलगिरी’च्या बांधणीने हाच धडा घालून दिला.