फुकट, मुक्त आणि आईच्या ओव्या

फुकटच्या वस्तूकडे संशयाने पाहावे, ही आमच्या घरची शिकवण. त्यामुळे चिरंजीव म्हणाले, "बाबा, या कामाची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात," तेव्हा मी ते हसण्यावारी नेले.

काम साधेच होते. माझी आई धुळ्याकडची. तिच्या अहिराणी ओव्या मी २००४ साली जळगावात संगणकावर उतरवल्या. पुढे वही वाळवीने खाल्ली, आईही गेली. उरली ती एक फाईल. परवा नव्या संगणकावर ती उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची नुसती भेळ! दुकानदार म्हणाला, "पॅकेज विकत घ्या." किंमत ऐकून मी घरी आलो.

झाले होते ते असे. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फॉन्ट गेला की चित्र गेले. १९९१ साली आलेल्या युनिकोडने 'क'ला स्वतःचा क्रमांक दिला. तेव्हा हवे होते ते एका लिपीतून दुसरीत नेणारे छोटेसे सॉफ्टवेअर. तेही बिचारे सोपे नव्हे, कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी, तर युनिकोडमध्ये नंतर!

चिरंजिवांनी ते शोधले. मी एवढीच अट घातली, की ते करणाऱ्याच्याच ठिकाणाहून घ्यायचे. वाटेत कुणी दिलेला प्रसाद नको. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, आणि या बाबतीत तरी आपली भाषा शहाणी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ज्या चळवळीची घोषणा केली, तिचा आग्रह मुक्ततेचा: सॉफ्टवेअर कसे चालते ते पाहता यावे, बदलता यावे, शेजाऱ्याला देता यावे. नुसते फुकट मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर असे असतेच असे नाही.

ओव्या उमटल्या. मात्र 'भाकऱ्या'च्या 'भाकर्या' झालेल्या! मास्तराचा जीव तो, कासावीस झाला. सगळीकडे एकदम बदल करावा, तर 'सूर्य'ही बिघडणार. मग लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर घेऊन एकेक शब्द तपासत बसलो. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो, नुसता सुरू करायचा, हे मला तेव्हा कळले! त्यात शिफ्टसह 'जे' दाबला की 'ऱ', मग 'डी'ने पाय मोडायचा आणि पुढे 'य'. चार रात्री गेल्या.

छापील प्रत घेऊन एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने धुळ्याला मावशीकडे निघालो. तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांपूर्वीचे कागद आहेत. मोडी येणारा आजही ते वाचतो. आणि माझी जेमतेम वीस वर्षांची फाईल! वाटेत हाच विचार छळत होता.

मावशीला दिसत नाही, म्हणून मीच वाचू लागलो. पाचव्या ओवीला तिने हात वर केला.

"काय व्हयनं?" मी विचारले.

"भाऊ, हाई ओवी अर्धीच शे," ती म्हणाली, आणि गाऊ लागली. मी खिशातले पेन काढले.